खालची बाथरूम, कॅरी (नॉर्थ कॅरोलायना): कामाच्या नोंदी, ऑक्टोबर २०२५ ते जानेवारी २०२६

६ ऑक्टोबर, सोमवार

परमिट मिळालं. तळमजल्यावर आमच्याकडे कमोड आणि बेसिन एवढंच असलेलं छोटं टॉयलेट आहे आणि त्याला लागून कोट ठेवायचं कपाट. मधली भिंत भार घेणारी नाही. ती काढून दोन्ही जागा एकत्र करायच्या आणि उंबरा नसलेला शॉवर बसवायचा, असं हे काम. आईचे दोन्ही गुडघे बदललेत. वरच्या मजल्यावरच्या टबमध्ये पाय उचलून टाकणं तिला जमणार नाही. आई-बाबा १७ जानेवारीला पोचतात. ठेकेदारांनी ५ डिसेंबरपर्यंत संपवतो असं लिहून दिलंय, म्हणजे मध्ये बऱ्यापैकी मोकळा वेळ आहे.

मजुरी, प्लंबिंग, वायरिंग मिळून करार २६,५०० डॉलरचा. टाइल, नळ, कमोड, व्हॅनिटी (बेसिनखालचं कपाट) आम्ही आणायची. आमच्या राज्यात ४० हजार डॉलरच्या आतल्या कामाला जनरल काँट्रॅक्टरचा परवाना लागत नाही. तरी आम्ही परवाना आणि विमा असलेलेच ठेकेदार घेतले आणि पैसे टप्प्याटप्प्यानं ठरवले: पाडकाम, आतली पाइप-वायरिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल, शेवटची तपासणी. प्रत्येक टप्पा पूर्ण झाला की त्याचा चेक त्याच दिवशी. पुढे जे झालं त्यात ही एकच अट आमच्या आणि मजुरांच्या, दोघांच्याही कामी आली, म्हणून सुरुवातीलाच लिहून ठेवते.

१४ ऑक्टोबर

पाडकाम झालं. आजपासून परदेशी कपाटं आणि व्हॅनिटींवर २५ टक्के आयातशुल्क लागू झालं. आमची व्हॅनिटी गेल्या आठवड्यातच गॅरेजमध्ये येऊन पडलीय. असं काम काढणार असाल तर सामान आधी घ्या, भिंत मग पाडा.

लाद्या काढल्यावर खालचं प्लायवूड कमोडभोवती कुजलेलं निघालं. ते तसंही काढायचंच होतं. उंबरा नको असेल तर शॉवरची जमीन बाकीच्या जमिनीपेक्षा खाली घ्यावी लागते. आमचं घर क्रॉलस्पेसवर आहे, म्हणजे तळमजल्याखाली रांगत जाता येईल एवढी पोकळी, आणि जमीन पेलायला लाकडी जॉइस्ट, म्हणजे आडव्या तुळया. जॉइस्ट खाचून खाली घेणं म्हणजे घराच्या हाडाला हात घालणं. त्याऐवजी जॉइस्टच्या बाजूंना लाकडी पट्ट्या मारून प्लायवूड जॉइस्टच्या वर न ठेवता मध्ये बसवलं. पाऊण इंच मिळाला. फुटाला पाव इंच ढाळ लागतो. पाण्याची लांब जाळी मागच्या भिंतीलगत घेतली आणि शॉवर तीन फूट खोल, म्हणजे ढाळाला लागतो बरोबर पाऊण इंच. हे गणित टाइलच्या मिस्त्रींनी जमिनीवर पेन्सिलीनं मांडून दाखवलं.

मिस्त्री होंडुरासचे, इथे पंचवीसहून जास्त वर्षं, आता अमेरिकन नागरिक. सोबत दोन मदतनीस. ड्रायवॉलचं, म्हणजे भिंती-छताला जिप्समचे पत्रे ठोकून सांधे भरायचं काम त्यांचे मेव्हणे करणार होते, पण ते येणार नाहीत असं आज कळलं. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासच्या लोकांना अमेरिकेनं टीपीएस म्हणजे तात्पुरतं संरक्षण दिलं होतं. १९९९ पासून दर वर्षा-दीड वर्षानं कागद नवा करायचा, कर भरायचा, काम करायचं, असं त्यांचं आयुष्य चाललं होतं. ते संरक्षण ८ सप्टेंबरला संपलं. कामाचा परवाना गेला, तेव्हा ठेकेदारांनी त्यांना थांबवलं. ड्रायवॉलला दुसरं कुणी बघतो म्हणाले.

२२ ऑक्टोबर

दिवाळीचे दोन दिवस काम बंद ठेवलं. आज सगळ्यांना फराळ दिला. मिस्त्रींना चकली आवडली, करंजीकडे बघून म्हणाले, आमच्याकडेही अशीच असते, फक्त आत मांस असतं.

प्लंबरनं शॉवरचा ड्रेन दोन इंची टाकला. जुना दीड इंची पाइप चालवून घेऊ असं सुचवणारा कुणी भेटला तर ऐकू नका. भिंत बंद व्हायच्या आत आधाराच्या दांड्यांसाठी आडवी लाकडं मारून घेतली: कमोडशेजारी, शॉवरच्या दोन भिंतींवर आणि दाराजवळ. जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांच्या मध्ये दांडी येईल अशी रुंद फळी. प्रत्येक फळीचा टेप लावून फोटो काढून ठेवला. कमोडजवळ जेट स्प्रेसाठी वेगळा व्हॉल्व्ह काढून घेतला. टी जोडून काम भागतं, पण म्हातारी माणसं तो बंद करायला विसरतात आणि रबरी नळी दाबाखाली राहून फुटते.

३१ ऑक्टोबर

पाइप आणि वायरिंगची तपासणी पास. पुढच्या आठवड्यात इन्सुलेशन, मग ड्रायवॉल, मग शॉवरची जमीन. ड्रायवॉलचा माणूस अजून नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ड्रायवॉलवाला मिळत नाही म्हणून पंधरवडा जवळजवळ काहीच झालं नाही. मिस्त्री दुसऱ्या कामावर गेले होते, सोमवारपासून येतो म्हणाले.

आज शार्लटमध्ये बॉर्डर पेट्रोल, म्हणजे केंद्र सरकारचं सीमादल, स्थलांतरितांची धरपकड करायला उतरलं. लॉस एंजेलिस आणि शिकागोनंतर आता आमच्या राज्यात, तोच ग्रेगरी बोविनो हा अधिकारी. शार्लट आमच्यापासून अडीच तासांवर. होंडुरासमध्ये जन्मलेल्या एका अमेरिकन नागरिकाच्या गाडीची काच फोडून त्याला बाहेर काढल्याची बातमी आली. कागद दाखवल्यावर सोडलं. मिस्त्रींची परिस्थिती अगदी हीच आहे: तोच देश, तेच नागरिकत्व, तसाच ट्रक, मागे शिडी आणि टाइल कापायचं मशीन.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी फक्त ठेकेदार आले. मिस्त्रींचा मेसेज होता: दोघे मदतनीस घराबाहेर पडायला तयार नाहीत आणि ते स्वतः दोन दिवस थांबून बघतील. शार्लटच्या शाळांमधून आज ३० हजारांवर मुलं गैरहजर होती. आई-बाप मुलांना शाळेत सोडायला बाहेर पडेनात, तर कामावर कुठून जातील?

नवऱ्यानं विचारलं, ते नागरिक आहेत, मग भीती कशाची? मीही क्षणभर तसाच विचार केला होता. पण ८ सप्टेंबरला, म्हणजे टीपीएस संपलं त्याच दिवशी, सुप्रीम कोर्टानं लॉस एंजेलिसच्या खटल्यात खालच्या कोर्टानं घातलेल्या बंदीला स्थगिती दिली. माणूस दिसतो कसा, बोलतो कुठली भाषा, उभा कुठे आहे, काम काय करतो, एवढ्यावरून अडवू नका अशी ती बंदी होती. होम डेपो या बांधकाम सामानाच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये उभा असलेला, स्पॅनिश बोलणारा, हातावर सिमेंट असलेला माणूस या चारही खुणांत बसतो. त्याच्या खिशात पासपोर्ट आहे हे अडवल्यानंतर कळतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल रात्रीच शेजारच्या रॉलीच्या महापौर जॅनेट कॉवेल यांनी हे जाहीर केलं होतं. आज एजंट रॉली आणि कॅरीत आले.

आमच्या मागे नवी वसाहत होतेय. रोज सकाळी सातला तिथून खिळ्यांच्या गनचा आवाज सुरू होतो. आज नाही. चौकटी उभ्या आहेत, छपराचे गठ्ठे वर चढवलेले आहेत, माणूस एकही नाही. पानं गोळा करणारी टोळीही आली नाही. दिवसभर मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज येत होते: इथे पांढरी व्हॅन दिसली, तिथे पोलीस दिसले. त्यातले बरेच खोटे निघाले. असे मेसेज पुढे ढकलू नका, हे कळकळीनं सांगते. मिस्त्रींच्या एका मदतनिसाचा एका दिवसाचा रोज अशाच एका मेसेजमुळे बुडाला. सिएम्ब्रा एनसी या संस्थेची हॉटलाइन आहे. त्यांचे स्वयंसेवक जागेवर जाऊन खात्री करतात आणि मगच सांगतात. तेवढंच बघायचं.

मी ग्रीन कार्ड पर्समध्ये घेऊन फिरले. १८ वर्षांवरच्या बिगरनागरिकानं नोंदणीचा कागद जवळ बाळगायचा हा नियम जुनाच आहे, पण एप्रिलपासून सरकारनं तो बजावायचं ठरवलंय. इथल्या कितीतरी मराठी घरांत एच-वनबीची मंजुरीपत्रं गाडीच्या कप्प्यात गेली आहेत. आमच्याकडे कागद आहेत आणि लॅपटॉपवर घरून काम करायची सोय आहे. टाइल बसवणाऱ्याला घरून काम करता येत नाही.

२० नोव्हेंबर

काम किती दिवस बंद राहील कुणालाच माहीत नाही. म्हणून आजचा दिवस घर थांबण्याच्या स्थितीत आणण्यात घालवला. हे आधीच करायला हवं असं ठेकेदारांचंही मत पडलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उघडा ड्रेन नुसता चिंधी कोंबून ठेवू नका. ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि गटाराचा वास घरभर पसरतो. रबरी टेस्ट प्लग मिळतो, तो घालून फिरवून घट्ट केला. कमोडच्या तोंडालाही तसाच मोठा. पाण्याच्या दोन्ही लाइनींना टोप्या घालून दाब देऊन बघितला. वायरींच्या टोकांना नट लावून डब्यांत सरकवल्या, झाकणं बसवली आणि त्या खोलीचा ब्रेकर बंद केला. शॉवरच्या जागी जमिनीला जिथे फट होती तिथून क्रॉलस्पेसची दमट हवा वर येत होती, ती प्लास्टिक आणि फोमच्या तुकड्यानं बंद केली. दाराला झिपचं प्लास्टिक. परमिटचं कार्ड आणि तपासणीची पानं एका पाकिटात घालून विजेच्या पॅनेलवर चिकटवली. परमिटची काळजी नको. काम सुरू झाल्यावर सलग १२ महिने ते बंद पडलं तरच परमिट रद्द होतं.

प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन या आठवड्यातही आले, कारण त्या धंद्यांना राज्याचा परवाना लागतो आणि आमच्याकडे येणाऱ्या दोघांचा जन्म इथलाच. टाइल, ड्रायवॉल, रंग यांना तसा परवाना नाही, म्हणून देशांतर करून आलेल्याला या कामांत शिरता येतं. देशभरात बांधकामावरचा साधारण चारातला एक माणूस परदेशात जन्मलेला, आणि ड्रायवॉलमध्ये तर निम्म्याहून जास्त. आमचं वेळापत्रक अडलं ते नेमकं तिथेच.

२४ नोव्हेंबर

ठेकेदारांशी बोलणं झालं. एजंट गेलेत असं दिसतं, पण ते परत येणार नाहीत असं कुणी सांगत नाही. मिस्त्री म्हणतात, थँक्सगिव्हिंग होऊ दे. ठेकेदारांकडे चार कामं अडकली आहेत. त्यांनी बांधकाम ठेकेदारांच्या संघटनेचा ऑगस्टमधला पाहणी अहवाल दाखवला. त्यात २८ टक्के कंपन्यांनी गेल्या सहा महिन्यांत या कारवाईचा थेट किंवा आडून फटका बसल्याचं सांगितलं होतं. ते म्हणाले, तेव्हा मला वाटलं होतं हे टेक्सास-कॅलिफोर्नियाचं दुखणं आहे.

तिकिटं बदलायची का, असं आईला विचारलं. तिचं उत्तर: “अगं, मी बादली घेऊन स्टुलावर बसून आंघोळ करीन, तू त्या माणसांना छळू नकोस.” तिकिटं तशीच ठेवली.

२७ ते ३० नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगच्या सुटीत ड्रायवॉल आम्ही दोघांनी चढवला. इन्सुलेशनची तपासणी आधीच झाली होती. अर्धा इंची ओलावारोधक पत्रे, शॉवरच्या तीन भिंतींना सिमेंट बोर्ड. भिंती जमतात. छत दोघांना जमत नाही. पत्रा उचलायची लिफ्ट भाड्यानं मिळते, ती आणा. मानेवर पत्रा तोलत बसू नका.

बिघडलं ते सांध्यांवर. कागदी टेपखाली मसाला कमी पडला की सुकल्यावर टेप फुगतो, आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या सांध्यांवर फुगे आले. ते कापून पुन्हा भरले. दुसऱ्या वेळी बादलीतला तयार मसाला न वापरता पाण्यात कालवून ४५ मिनिटांत घट्ट होणारी पावडर घेतली. ती फारशी आकसत नाही, पण हात भरभर चालवावा लागतो. थोडीथोडीच कालवायची. छताची कड आणि जुन्या-नव्या छताचा जोड आमच्याच्यानं सपाट होईना. दिवा तिरका धरला की लाटा दिसतात. तो तसाच सोडला. एक ड्रायवॉलवाला उंच काठ्यांवर चालत दिवसभरात जे करतो त्याला आम्हाला चार दिवस लागले, आणि तरीही ते त्याच्यासारखं झालं नाही. ठेकेदारांनी करारातून ९०० डॉलर वजा केले, ४५० छताच्या कामासाठी ठेवले.

३ आणि ४ डिसेंबर

मिस्त्रींचे मदतनीस अजून बाहेर पडत नाहीत. ठेकेदारांनी बाहेरून एक टोळी मिळवली. शॉवरची जमीन आणि टाइल मिळून त्यांनी ३,९०० सांगितले, मिस्त्रींचा दर २,८०० होता. १,५०० आगाऊ, ते आम्ही द्यायचे. टोळी संध्याकाळी आली, मसाल्याचा ढाळ दिला, दुसऱ्या दिवशी लाल वॉटरप्रूफिंग फासलं आणि त्याच रात्री टाइल लावून मोकळं व्हायचं म्हणाली. पाणी भरून बघितल्याशिवाय टाइल नाही, यावर ठेकेदार ठाम राहिले.

५ डिसेंबर

हीच मूळ करारातली शेवटची तारीख. पाँडिंग टेस्ट, म्हणजे पाणी साठवून गळती बघायची चाचणी, नापास झाली.

उंबरा नसेल तर पाणी अडवायला तात्पुरता बांध घालावा लागतो. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली लाकडी पट्टी सीलंटनं चिकटवली, ड्रेनमध्ये फुग्याचा प्लग घातला, दोन इंच पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलीची खूण केली. नियमाला १५ मिनिटं पुरतात. आम्ही रात्रभर ठेवलं. सकाळी पाणी खुणेच्या अर्धा इंच खाली. क्रॉलस्पेसमध्ये गेले तर इन्सुलेशनमधून थेंब गळत होते.

शेजारच्या ताईंचे वडील सध्या इथे आलेत. सोलापूरकडे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी झालेली. त्यांना बोलावलं. काकांनी लेझर वगैरे काही मागितलं नाही. एक पारदर्शक नळी घेतली, पाणी भरलं, दोन टोकं दोन कोपऱ्यांत धरून लेव्हल काढली. तीन फुटांत पाऊण इंच हवा तिथे जेमतेम तीन सूत ढाळ होता, आणि डावा कोपरा तर उलटा, म्हणजे पाणी जाळीकडे न जाता भिंतीकडे. वॉटरप्रूफिंगही कोपऱ्यांत कापड न घालता एकाच हातात फासलेलं. नखानं सोललं गेलं. काका म्हणाले, “पोरी, हे काढ सगळं. यावर टाइल लावलीस तर दोन वर्षांनी जमीन काढावी लागेल, आणि तेव्हा प्लायवूडही गेलेलं असेल.”

टोळीला फोन केला, उचलला नाही. १,५०० गेले. ठेकेदारांना ओशाळल्यासारखं झालं होतं. पाडकामाची मजुरी त्यांनी आमच्याकडून घेतली नाही.

८ डिसेंबर

छिन्नीनं सगळं काढलं. कचरा टाकणं, नवा मसाला, बोर्डाचा खालचा पट्टा आणि नवं वॉटरप्रूफिंग मिळून ६८० डॉलर. क्रॉलस्पेसमधलं भिजलेलं इन्सुलेशन बदललं, १४०. पंखा लावून प्लायवूड वाळवलं आणि ओलाव्याच्या मीटरनं रोज बघितलं. मीटर नसेल तर विकत घ्या. हात लावून अंदाज बांधू नका. हाताला कोरडं लागलेलं लाकूड मीटरवर ओलं निघालं.

११ डिसेंबर

मिस्त्रींना मी स्वतः फोन केला. ठेकेदारांमार्फत निरोप दिला असता तर त्याला तगाद्याचा वास आला असता. येता का, असं विचारलं नाही. काय असलं तर तुम्हाला येता येईल, एवढंच विचारलं. त्यांनी आधीच सगळा विचार करून ठेवला होता. मदतनीस नाहीत, इथेच जन्मलेला मुलगा सोबत येईल. कॉलेजची परीक्षा शुक्रवारी संपते, त्यानंतर. ट्रक रस्त्यावर नाही, गॅरेजमध्ये. टाइल कापायचं मशीन अंगणात न मांडता गॅरेजमध्ये. आणि मधेच काही कमी पडलं तर दुकानात ते जाणार नाहीत.

या शेवटच्या अटीनं आमची तयारी बदलली. एरवी मिस्त्री दिवसातून एकदा तरी होम डेपोला जातोच: एखादी ब्लेड, एक पोतं, स्पेसरची पिशवी. आम्ही फोनवर त्यांच्यासोबत बसून यादी केली आणि सगळं घरपोच मागवलं. थिनसेट (टाइल चिकटवायचा मसाला) दोन पोती जास्त, ग्राउट (सांधे भरायचा मसाला), डायमंड ब्लेड, पाव इंची दातांची करणी, स्पंज, बादल्या, सिलिकॉन. घरपोच आणण्याचे एकूण २३७ डॉलर. न उघडलेलं सामान परत घेतात, त्यामुळे जास्त मागवायला भ्यायचं कारण नाही. दुपारचं जेवण आमच्याकडे, म्हणजे जेवायलाही बाहेर पडायला नको. जमीन नव्यानं करण्याचे ६०० मी आपणहून धरले. बिघाड त्यांनी केला नव्हता, मग तो त्यांनी फुकट का दुरुस्त करावा?

दर कमी-जास्त करण्याचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही नाही. या दिवसांत काही लोक मजुरांच्या भीतीचा फायदा घेऊन दर पाडून मागतात, पैसे अडवतात, तक्रार कुठे करणार म्हणून. हे माझ्या कानावर आलंय आणि त्याचा मला मनापासून संताप येतो.

१५ ते १७ डिसेंबर

बाप-लेक आले. मसाला कोरडसर कालवला, मुठीत दाबला की गोळा राहावा इतपत. आधी भिंतीलगत पट्ट्या धरून ढाळ बांधला, मग मधला भाग भरला. काका रोज येऊन खुर्ची टाकून बसत होते. भाषा एकमेकांना येत नाही, पण ढाळ दाखवताना हात सारखेच हलतात. नळीची लेव्हल मिस्त्रींनाही माहीत होती, होंडुरासमध्ये तीच वापरायचे म्हणाले.

वॉटरप्रूफिंग या वेळी कापडी मेम्ब्रेनचं. जोडांवर दोन इंच चढ, कोपऱ्यांना तयार तुकडे, जाळीच्या कडेला चिकटवलेला पट्टा. पाणी भरलं, २४ तास ठेवलं. खूण हलली नाही. खाली जाऊन टॉर्चनं बघितलं, कोरडं. मग इन्स्पेक्टर आले. पास. वॉटरप्रूफिंगचा चेक त्याच दुपारी दिला.

२० ते २३ डिसेंबर

टाइल. भिंतीला १२ बाय २४ इंचांच्या, जमिनीला दोन इंची मोझॅक, कारण लहान तुकडे आणि जास्त सांधे असले की पाय घसरत नाही. मोठी टाइल भिंतीला लावताना थिनसेट दोन्हीकडे, भिंतीला आणि टाइलच्या पाठीलाही. मिस्त्री मधेच एखादी टाइल उखडून पाठ दाखवायचे. ओल्या जागी ९५ टक्के तरी पाठ भरलेली हवी. एका ओळीत दोन टाइल कमी भरलेल्या निघाल्या, त्यांनी त्या ओळीतल्या सगळ्या काढून पुन्हा लावल्या. मुलाला म्हणाले असावेत, घाई नको. स्पॅनिश मला येत नाही, पण सूर ओळखीचा होता.

मिस्त्रींना एकदा फोन आला, ते गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ बोलत होते. परत आल्यावर काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुपारी लवकर निघाले.

ग्राउट झाल्यावर सुकू दिलं आणि करणीच्या मुठीनं एकेक टाइल वाजवून बघितली. पोकळ एकही नाही. कोपऱ्यांत ग्राउट नाही, सिलिकॉन. कोपऱ्यात ग्राउट भरला तर थंडीत लाकूड हलतं आणि चीर पडते.

२ जानेवारी २०२६

परवाच्या दिवशी दोन बातम्या आल्या. व्हॅनिटींवरचं शुल्क १ जानेवारीला दुप्पट होणार होतं, ते वर्षभर पुढे गेलं. आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीश ट्रिना थॉम्प्सन यांनी होंडुरास, निकाराग्वा आणि नेपाळचं टीपीएस संपवणं बेकायदा ठरवलं. मी लगेच ठेकेदारांना विचारलं, मेव्हणे आता येतील का? ते म्हणाले, वकिलाकडून लेखी येईपर्यंत मी कामावर घेऊ शकत नाही. सरकार वरच्या कोर्टात गेलं तर पुन्हा उलटेल. ज्याचं पोट यावर आहे तो माणूस हे सगळं कुठल्या जिवावर रोज वाचत असेल!

९ जानेवारी

कमोड, व्हॅनिटी, नळ, हातात धरायचा शॉवर, जेट स्प्रे लागले. दांड्या फोटोवरून बरोबर फळीत बसल्या. माझ्या नवऱ्यानं प्रत्येकीवर अख्खा भार टाकून बघितला. शेवटची तपासणी पास. इन्स्पेक्टरनं एकच सूचना केली: क्रॉलस्पेसमधल्या पाइपला आणखी एक आधाराची पट्टी. प्लंबरनं तिथेच मारली.

१२ जानेवारी

पैशांचा हिशेब, असं काम काढणाऱ्यांसाठी. वाया गेलेला आगाऊ १,५००, पुन्हा सामान ६८०, इन्सुलेशन १४०, जमिनीची दुसऱ्यांदा मजुरी ६००, घरपोच सामान २३७. यातून ड्रायवॉलचे ९०० वजा. मूळ करारापेक्षा २,२५७ डॉलर जास्त गेले. वेळ पाच आठवडे. सगळ्यात महाग पडली ती ३ डिसेंबरची बाहेरची टोळी. तेच आठ दिवस थांबून मिस्त्रींना फोन केला असता तर जवळजवळ याच तारखेला, २,९०० डॉलर कमी देऊन संपलं असतं.

ठेकेदारांनी पुढच्या करारासाठी नवा मसुदा केलाय, मला वाचायला पाठवला. त्यात प्रत्येक टप्प्याशेवटी घर कुठल्या स्थितीत ठेवायचं ते लिहिलंय: प्लग, टोप्या, ब्रेकर, प्लास्टिक. अशा धरपकडीमुळे मजूर आले नाहीत तर दंड नाही, आणि झालेल्या कामाचे पैसे थांबवायचे नाहीत. मी त्यात एक ओळ वाढवायला सांगितली: त्या टप्प्याचं सगळं सामान काम सुरू व्हायच्या आधी जागेवर पोचलेलं हवं, त्याचा खर्च घरमालकाचा.

राहिलेली कामं: छताच्या जोडावरच्या लाटा आणि त्यावरचा रंग. आई-बाबा यायच्या आत दुसरं कुणी आणून ते उरकता येईल, ठेकेदारांकडे माणूस आहे. आम्ही नको म्हटलं. ते ४५० डॉलर मिस्त्रींच्या मेव्हण्यांच्या कामाचे आहेत, ते येईपर्यंत छत तसंच राहील. क्रॉलस्पेसमधला ओलावा महिनाभर दर रविवारी मोजायचा आहे, पहिला आकडा १३ टक्के.